समोरचा टायर

बाबांनी माझ्या सायकलीचे टायर काढून त्यांच्या जावयाला दिले, ही गोष्ट मी आजवर कितीतरी जणांना सांगितली आणि जवळजवळ प्रत्येकजण हसला. हसा बापहो. मला मात्र अजून हसू येत नाही. विषय निघाला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सत्तरचं दशक होतं. आम्ही कामरगावला राहायचो. आमच्या शाळेत दर थंडीत खेळ व्हायचे. त्यात पोरांना सायकलची शर्यत आणि आम्हा पोरींना चमचा-लिंबू. मी मॅट्रिकच्या वर्गात गेले त्या वर्षी आमच्या खेळाच्या सरांनी हेडमास्तरांशी वाद घालघालून मुलींचीही सायकल शर्यत मंजूर करून घेतली. हेडमास्तर कबूल झाले, पण एका अटीवर. शर्यतीत एक जरी पोरगी पडली, तर पुढच्या वर्षीपासून पुन्हा चमचा-लिंबू.

आता पाहा, पोरं दरवर्षी धडाधड पडायची. कुणाचं ढोपर फुटायचं, कुणाचं कोपर. त्यांची शर्यत बंद करायचं कधी कुणाच्या मनातही आलं नाही. पोराला खरचटलं की तो गावभर मिरवणार, आणि पोरीला खरचटलं की हिचं लग्न कसं होणार! वा रे न्याय.

शर्यत शाळेच्या मैदानावर होती. चुन्याची फक्की मारून मोठा गोल आखला होता आणि आतल्या काळ्या मातीवर मुरूम टाकला होता. आम्ही नाव दिलेल्या पोरी सगळ्या नवशिक्या. सायकल तशी चालवता यायची, पण शाळेत जाणं वेगळं आणि गोलात पळवणं वेगळं. म्हणून सरांनी रविवारी सकाळी सराव ठेवला. पहिल्याच रविवारी मी वळणावर जोरात गेले आणि समोरचं चाक असं सर्रकन सरकलं, की मी एकीकडे आणि सायकल दुसरीकडे.

सरांनी सायकल उभी केली, समोरच्या टायरवरून हात फिरवला आणि कपाळाला हात लावला. "अवं, हा टायर हाय का चिकना गोटा? याच्यावर तू वळून राह्यली? मागचा कसाही असला त चालते, पण समोरचा धड पाहिजे. समोरचं चाक घसरलं की माणूस पडलाच समज."

सायकल बाबांची होती, आणि आमच्याकडे रीतच अशी, की नवा टायर टाकायचा तो मागं. कारण सायकल म्हणजे ओझं वाहायची वस्तू. मागं ढेपेचं पोतं, सरकीचं पोतं, नाहीतर मायला बसवायचं. मागचा टायर अर्धा झिजला की तो समोर यायचा आणि समोर पार मरेपर्यंत चालायचा. आमच्या समोरच्या टायरला तर आतून गेटर होता, म्हणजे फाटलेल्या जागी जुन्या टायरचा तुकडा लावलेला. दर फेऱ्याला तिथं टुणकन उडायचं. गावातल्या सगळ्या सायकलींची हीच गत होती, आणि ओझं वाहायला ते बरोबरही होतं. पण गोलात पळायला?

मी घरी येऊन टायरचा धोशा लावला. बाबा म्हणाले, "नवशिक्या माणसाले नवे टायर कायले पाहिजे? आधी शिक, मंग पाहू."

"नवशिक्यालेच पाहिजे ना बाबा! ज्याले येते तो सांभाळून घेईन. मी कशी घेऊ? आन् मी पडली त साऱ्या पोरींची शर्यत बंद हाय."

माय म्हणाली, पोट्टी बयाडली, वेडीच झाली. पण बाबांच्या मनात काय आलं कोण जाणे, बाजाराच्या दिवशी मला कारंज्याला घेऊन गेले. हे मी कबूल करते. माझे बाबा दुष्ट नव्हते, तेच तर दुःख आहे. दुष्ट माणसावर रागावून मोकळं होता येतं.

सायकलीच्या सामानाच्या दुकानात शेठजींनी पुढ्यात दोन तऱ्हेचे टायर टाकले. एक जाडजूड, मोठमोठ्या चौकटींचा, ओझ्यासाठीचा. दुसरा जरा पातळ, मधोमध बारीक उभ्या रेघा आणि कडेला आडव्या चिरा. शेठजी म्हणाले, "मोटावाला ले जाओ, बरसों चलेगा." बाबांची नजर तिथंच खिळली. मी म्हटलं नाही. त्या चौकटींत आपली काळी माती भरून बसते, मग खाच राहतच नाही, चाकाला नुसता चिखलाचा पट्टा. मी पातळ टायरची कड अंगठ्यानं दाबून पाहिली, नखानं खरवडून पाहिली, जमिनीवर आडवा करून घासून पाहिला. वळताना कड टेकते, तिथं चिरा पाहिजेत. शेठजी म्हणाले, "बिटियाने तो परीक्षा ले ली टायर की."

बाबा हसले आणि म्हणाले, "घे बाप्पा तुया मनासारखा." मी समोरचा एकच मागितला होता, त्यांनी दोन घेतले. परतताना दोन्ही टायर मी खांद्यात अडकवले होते आणि एस.टी.त सगळे माझ्याकडे पाहत होते. मला कोण आनंद झाला होता!

दुसऱ्या रविवारी मी वाऱ्यासारखी सुटले. वळणावर सायकल कलती झाली, मुरूम करकरला, पण चाक जागचं हललं नाही. दम लागला तरी थांबावंसं वाटेना. सगळ्या पोरी माझ्या मागं होत्या. सर नुसते म्हणाले, "आता झालं काम."

आणि मग संक्रांत आली. ताईचं लग्न होऊन ही पहिलीच संक्रांत, म्हणून ताई आणि भाऊजी आमच्याकडे आले. भाऊजींचं गाव दोन-तीन कोसांवर, ते सायकलवरच यायचे. आमच्या घरची एक रीत होती. नव्या जावयानं एखाद्या वस्तूला चांगलं म्हटलं, की ती वस्तू त्याची. त्यानं मागायची गरज नाही. त्याच्या तोंडून 'बरी हाय' निघालं, की आपण द्यायची. लग्नानंतर असाच बाबांचा कंदील गेला होता आणि पितळी अडकित्ता गेला होता.

भाऊजी हातपाय धुवायला अंगणात आले. सायकलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "टायर मोठे झ्याक दिसून राह्यले बा." बस्स, एवढंच. साधा भला माणूस, काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. मी मात्र लगेच ओसरीवरच्या बाबांकडे पाहिलं.

सकाळी उठून पाहते तर माझे टायर भाऊजींच्या सायकलीला. दोन्ही सायकलींचं माप एकच, तेही नशीब खोटं. माझ्या सायकलीला पुन्हा तेच जुने, मागचाही आता घासून सपाट झालेला, आणि समोर तोच गेटरवाला गोटा.

मी अशी खवळले, की मायनं आधी अंगणाचं दार लावून घेतलं. "बाबा, माये टायर काहून काढले? मले विचारलं काय?"

"हळू बोल, जवाई आयकतीन."

"आयकू द्या! चार दिवसांवर माई शर्यत हाय!"

"अवं टायर काय पळून चालले? पुढं घेऊ दुसरे. जवाई एका शब्दानं बोलले, तो शब्द खाली पाडू काय मी?"

भाऊजींचा शब्द खाली पडू नये, मी पडले तरी चालेल! मी तडक भाऊजींकडे निघाले होते. ते मागचापुढचा विचार न करता देऊन टाकतील याची मला खात्री होती. पण ताईनं माझं मनगट धरलं आणि स्वयंपाकघरात ओढलं. "नको वं, पाया पडतो तुया. ते देतीन, पन घरी गेल्यावर सासू इचारीन, नवे टायर कुठं गेले. बापानं देऊन वापस घेतले, हे मले जलमभर आयकावं लागीन." तिचे डोळे भरले होते. आता तिच्यावर कसं रागवायचं? मी भाऊजींकडे गेलेच नाही. भाऊजी त्याच दिवशी माझ्या टायरांवर बसून गावी गेले, ताई मागं राहिली.

बाबा पुन्हा कारंज्याला जायला तयार नव्हते, आणि गावात बदली टायर कुठंच मिळाला नाही. कुणाची सायकल मागावी तर घरोघरी समोर गोटाच. शर्यतीच्या दिवशी सारं गाव मैदानाभोवती जमलं होतं. बाबाही आले होते, फेटा बांधून. मी रेषेवर उभी राहिले. हेडमास्तर खुर्चीत बसले होते आणि आठवीतल्या पोरी दोरीला लोंबकळून आमच्या नावानं ओरडत होत्या. पुढच्या वर्षी त्यांना नावं द्यायची होती.

शिट्टी वाजली. सरळ पट्ट्यात मी सगळ्यांच्या पुढं. वळण आलं आणि समोरचं चाक सरकायला लागलं. मला कळलं, आता जोर लावला तर मी पडते. मी पायडल थांबवलं, ब्रेक दाबला. बाकीच्यांचे टायर जुने असले तरी माझ्याइतके मेलेले नव्हते; एकेक पोरगी बाजूनं निघून गेली. सरळ पट्ट्यात मी पुन्हा गाठायचे आणि वळणावर पुन्हा सोडून द्यायचे. लोक हसत होते. कुणीतरी ओरडलं, "अवं, वळणाले भेते काय?" माझ्या डोळ्यांतून रागानं पाणी येत होतं, समोरचं नीट दिसत नव्हतं. पण मी पडले नाही. शेवटची आले.

हेडमास्तरांनी उठून सांगितलं की एकही मुलगी पडली नाही, तेव्हा पुढच्या वर्षीही शर्यत होईल. आठवीतल्या पोरी नाचायला लागल्या. टाळ्या पडल्या त्या पहिल्या आलेल्या पोरीसाठी, आणि ते रास्तच होतं. ती चांगली चालवायची.

बाबा गर्दीतून आले, चेहरा कसा खुललेला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पाह्य! उगीच टायर टायर करत होती. जुन्या टायरवर बी पडली काय तू?"

"मी पडली नाही बाबा, कारण मी सायकल पळवलीच नाही."

त्यांनी वाकून समोरच्या टायरवरून हात फिरवला. मला वाटलं, आता कळलं त्यांना. मग अगदी मायेनं, मला समजावत म्हणाले, "मंग? तुले पळवाले सांगतलं कोणं होतं?"

मी सायकल त्यांच्या हातात दिली आणि पायी घरी आले.