माऊस नेला की दार उघडते

“गुरुजी, माऊस हलवू नका, दार मोडंल!”

आमचे साडभाऊ ओरडत होते आणि शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी दोन्ही हात वर करून बसले होते. दार होतं संगणकाच्या पडद्यावर. गुरुजींनी गमतीने त्यावरून वीसेक वेळा माऊस फिरवला होता आणि आता ते प्रत्येक फेरीला जागून उघडत होतं, मिटत होतं. गुरुजी समोरच्या टपरीवर चहा पिऊन आले, पान खाऊन आले, तरी दाराचं आपलं चालूच.

कुरखेड्यात घराच्या ओसरीवर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या माझ्या या साडभाऊंइतका माणसाच्या येण्याजाण्याचा सोस असलेला गृहस्थ वैनगंगेच्या दोन्ही काठांवर झाला नाही. गिऱ्हाईक लांब उभं असेल तर हे मुके. तेच टेबलाला टेकलं की झरा फुटायचा. एकजण सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आला होता. तो निघाला तेव्हा त्याचं धान कापणीला आलं होतं. आणि निरोप? लेक पुण्याला नोकरीला निघाली, तिची एसटी वळणाआड गेली, तरी यांचा हात वरच. तो हात पाहून मागून आलेली वडशाची गाडी थांबली. कंडक्टर म्हणाला, “भाऊ, चढाचं असंन तर चढा, नाई तर हात खाली घ्या.”

ती लेक दोन वर्षं मंडईलाही आली नाही. दिवाळीनंतर मंडई भरते, नाटक लागतं, गाव सोडून गेलेलं झाडून सगळं माणूस परततं. हिलाच सुट्टी मिळेना. मग साडभाऊंनी गावच वेबपेजवर मांडायला घेतलं. पडद्यावरची चित्रं हलवणारी जावास्क्रिप्टची कुठलीशी लायब्ररी, म्हणजे तयार सूचनांचं बाड, इंटरनेटवरून उतरवली, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही म्हणून अख्खी छापून, दोऱ्याने शिवून पोथीसारखी वाचली. सार एवढंच निघालं: माऊस चित्रावर आला की काय करायचं ते आधी लिहायचं, निघून गेला की काय करायचं ते नंतर. जन्मभर या माणसाने दुसरं काय केलं होतं?

पानावर दिसायचा फक्त गावचा तलाव आणि त्याचा काठ, माणूस एकही नाही. डोंग्यावर माऊस नेला की काका जाळं फेकायचा. चिंचेवर नेला की खाली शाळेतल्या मैत्रिणी यायच्या. आणि कोपऱ्यातल्या घरावर नेला की दार उघडायचं, चौकटीत तिची आई, सात लुगडी बदलून आठव्यात काढलेल्या फोटोतली, आणि खाली अक्षरं: ‘कवा येशीन?’

गुरुजींनी केलेल्या घोटाळ्यावर साडभाऊंनी तोड काढली. “मिटाचं तेवढं पुसून टाकतो. माणूस गेलं म्हणून दार काऊन लावाचं?”

मी म्हटलं, “निदान ‘इथे माऊस न्या’ असं तरी लिहा.”

ते म्हणाले, “पोरीले आपलं घर दाखवाले पाटी लागते काय, भाऊ?”

पानाचा पत्ता पुण्याला गेला. आठ दिवस साडभाऊ टेबलाला टेकलेल्या गिऱ्हाइकाशीसुद्धा बोलले नाहीत. रविवारी फोन वाजला. त्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. आतून तिची आई सूप हातात घेऊनच आली.

“पाहिलं बाबा,” लेक म्हणाली. दोन वर्षांत तिचं ‘मले’ जाऊन ‘मला’ आलं होतं. “मला वेळच नाही, बसमध्ये फोनवरच पाहिलं. तलाव छान आलाय.”

“अन् घर?” साडभाऊंनी संगणकावरचा माऊस अलगद घरावर नेला. दार उघडलं, उघडंच राहिलं. “घरावर माऊस नेलास काय?”

“फोनला माऊस नसतो, बाबा.”