हुंकारमावशी

समोरच्याने ‘हं’ म्हटल्याशिवाय मावशी पुढचे वाक्य बोलत नसत. पोंभुर्ण्याकडच्या त्यांच्या गावात एकाने सांगायचे, दुसऱ्याने हुंकार द्यायचा, अशीच रीत. मला कामे उरकायची सवय. पहिल्या भेटीत मी नुसती मान हलवली, तर म्हणाल्या, “बाई, मान हालवून का होते? मी का तुमची मान आयकून राह्यली?” तेव्हापासून आमच्या ऑफिसात त्या हुंकारमावशी झाल्या.

फोन बनवणाऱ्या कंपन्यांना स्वस्त, बटनांच्या फोनमध्ये बोलके निरोप आणि फोटो पाठवायची सोय करून देणे, हे आमचे काम. चाचणीसाठी एक फोन मावशींना दिला होता. त्या तलावावर मासे धरायच्या. लेक सुमन जिवतीच्या डोंगरात नुकतीच दिलेली. तिथे फोन लागत नसे, पण रेंज आली की निरोप पोचत.

“सुमन, झिंगे वाळवले,” मावशी फोनला सांगत आणि थांबत. चेहरा असा, जणू पलीकडून ‘हं’ आलेच. मग पुढे, “तुह्यासाठी ठेवले.”

“मावशी, ती आत्ता ऐकत नाहीये. सलग बोला,” मी म्हणाले.

“मंग ते पोट्टी हं कवा म्हनन? तिले जागा नको?”

फोनमध्ये जागा कमी. निरोप लहान करा, ही कंपनीची अट होती. बोलण्यातली शांतता आपोआप कापली जावी, हे मीच सुचवले. निरोप आखूड झाले, कंपनी खूश झाली. माझ्या यादीतले एक काम संपले.

पुढच्या खेपेला मावशींनी सुमनचा निरोप लावला. “माय, काऊन अशी घाईघाईनं बोलून राह्यली? माह्यावर राग हाय का? बोलाचं नसन तं राहू दे.”

तुमचे थांबणे फोन कापतो आणि ते मी ठरवले, असे मी सांगून टाकले. त्या चिडल्या असत्या तर बरे झाले असते.

“अस्सं! मले वाटलं, पोट्टीच बदलली.” त्यांनी बटन दाबले. “सुमन, राग नाई वो. हं. हा फोन चूप बसू देत नाई. हं. म्हनून तुहा हुंकार मीच देऊन राह्यली. हं.” मग माझ्याकडे पाहून हसल्या, “फोनले का समजते, हं कोनाचा हाय ते!”

ते फोन आता बाजारात आहेत. शांतता कापणे काढून टाका, असे मी कंपनीला एकदा म्हटले. जागेचे कारण आले, मी पुढच्या कामाला लागले. पुन्हा विषय काढला नाही.

परवा मावशींच्या फोनवरून निरोप आला. आवाज सुमनचा होता.

“बाई, माय गेली. हं. तापानं गेली. हं. तुमची लय आठवन काढे. हं.”

माझ्या वाटणीचे हुंकार तीच देत होती. निरोप संपला तरी मी फोन कानाला लावून ‘हं, हं’ म्हणत राहिले.