झोयाच्या खोलीत दुसरं कोण?

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागच्या खेपेला हा किस्सा ऐकताना एका मित्राने गरम चहा माझ्याच लेंग्यावर सांडला. म्हणजे फजितीही माझी आणि भाजलोही मीच!

मी रसायनशास्त्रातला डॉक्टर. जन्म कॉलेजात शिकवण्यात गेला. निवृत्तीनंतर रोह्याच्या आसपासच्या शाळांत ‘भूत नसतं’ यावर भाषणंही दिली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमच्या शेजारी खतिजाबी राहतात. मुलगा-सून कुवेतला. नात झोया तिथल्या ब्रिटिश शाळेत होती, ती आजीच्या सोबतीला रोह्याला आली. अभ्यास मात्र तोच ठेवला, ऑनलाइन. आपल्या दहावीसारखी त्यांची विलायती दहावी. केमिस्ट्री शिकवायला मी.

शिकवायचो, पण धाकधूक! माझी केमिस्ट्री जुनी, तिचा पेपर परदेशी. आपल्यामुळे पोरीचं वाटोळं झालं तर?

त्या दिवशी तिची सराव परीक्षा होती. सराव नावाला, त्याच मार्कांवर पुढच्या वर्गातली जागा ठरणार होती. जेवून आडवा झालो आणि ताडकन उठून बसलो. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की ऋण टोकाशी काय सुटतं? काल मी हायड्रोजन सांगितलं की सोडियम? अहो, पेणची मिठागरं बघत वाढलो आणि मिठातच चूक?

वेळ होता. परीक्षेची वेळ विलायतेच्या घड्याळाने; विलायतेपेक्षा आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे परीक्षेला अजून तासभर. उन्हाळ्यात ते लोक घड्याळं तासभर पुढे सारतात, हे मला आयत्या वेळी कसं आठवणार?

आमच्याकडे पुढच्या दाराने पाहुणे जातात. शेजारी मागच्या दाराने, हाक न मारता. तसाच गेलो.

घरात सामसूम. चहाचं भांडं पालथं. खतिजाबी नाहीत, मांजरसुद्धा नाही. भिंतीवरचं घड्याळ गायब. नुसता खिळा आणि खाली पांढरा गोल डाग. आरशावर चादर टाकलेली. बाहेर रणरणतं ऊन, नदीवरचा वाराही पडलेला.

अंधाऱ्या बोळात थबकलो. पुढे खोलीत झोया दोन्ही हातांत लॅपटॉप धरून हळूहळू गोल फिरत होती. वाकून तिने तो खाटेखाली धरला. मग टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून त्याच्यासमोर बसली. केस मागे सारून एक कान दाखवला. मग दुसरा. मनगटं उलटी केली.

“मी एकटीच आहे,” ती इंग्रजीत म्हणाली.

कोणाला सांगत होती?

“पडद्यामागे बघ,” एक थंड, घोगरा पुरुषी आवाज आला.

तिने उठून पडदा सारला. “कुणी नाही.” पुन्हा येऊन बसली.

शहाण्या माणसाला इथे सगळं कळलं असतं. मी मात्र बोळातच खिळून उभा.

जरा वेळाने तोच आवाज म्हणाला, “तुझ्या मागे कुणीतरी उभं आहे.”

आणि मित्रहो, मी मागे वळून पाहिलं!

मागे नुसता काळोख.

“पांढरे कपडे, पांढरे केस,” आवाज म्हणाला. “आता तो मागे बघतोय.”

मी किंकाळी फोडली. झोयाने माझ्याहून मोठी फोडली. मी पळालो, आणि पळालो कुठे? थेट खोलीत!

“सर! तुम्ही? बाहेर जा ना, प्लीज!”

“आधी सांग, बोलतंय कोण?”

“परीक्षक आहेत, सर! कॅमेऱ्यातून बघतायत. खोलीत दुसरं कुणी चालत नाही!”

लॅपटॉपच्या पडद्यावर चष्म्यातले एक गोरे गृहस्थ. “आपण कोण?”

शेजारी म्हणालो असतो तर भागलं असतं. पण पदवी गप्प बसू देते का? “मी डॉक्टर. हिचा केमिस्ट्रीचा शिक्षक.”

झोयाने कपाळाला हात लावला.

“आणि का आलात?”

“एक उत्तर दुरुस्त करायला. हायड्रोजन! सोडियम नाही, हायड्रोजन!”

पेपरातला पहिलाच प्रश्न मिठाच्या पाण्याचा होता.

परीक्षा तिथेच थांबली. झोया रडकुंडीला आली. “त्यांच्या नियमाप्रमाणे घड्याळ काढलं, आरसा झाकला, सगळं घर रिकामं केलं, सर. दादीला शेजारच्या गावी, निडीला पाठवलं, मांजर पण दिली सोबत. आणि तुम्ही परवाही हायड्रोजनच सांगितलं होतं आणि कालही!”

मी त्या गृहस्थांची इतकी गयावया केली की शेवटी ते नवा पेपर द्यायला तयार झाले. अट एकच: पेपर संपेपर्यंत हे वृद्ध गृहस्थ दुसऱ्या कॅमेऱ्यात दिसत राहिले पाहिजेत.

म्हणून पुढच्या आठवड्यात झोया आत पेपर लिहीत होती आणि मी बाहेर ओटीवर, समोर रोखलेल्या मोबाइलकडे बघत, पुतळ्यासारखा. (जागा मिळाली तिला, काळजी नको.) खतिजाबी कॅमेऱ्याबाहेर पायरीवर बसून सुपारी कातरत होत्या.

“पोरीला वाटलं, भूत हाय,” त्या म्हणाल्या.

“भूत वगैरे काही नसतं, खतिजाबी,” मी मान न हलवता म्हणालो.

“असतं तं बरं व्हतं, सर. त्याला केमिस्ट्री तरी आली नसती.”