पंपाचा मथळा आणि आमचा कर्णधार

तारखा आधी नोंदवतो, कारण प्रत्येक कचेरीने मला "नक्की कधीचे प्रकरण?" असे विचारूनच परत पाठवले आहे.

होळीनंतरचा पहिला रविवार: कबड्डीचा सामना. जबाबदार कोणी नाही. त्या दिवशी सर्वांनी आपापले काम चोख केले. दुसऱ्या दिवशी, सोमवारी: बातमीचा मजकूर दुर्गच्या छापखान्यात दिला आणि प्रूफ न पाहता परतीच्या ट्रकवर चढलो. जबाबदार: मी. गुरुवार: साप्ताहिकाचा अंक निघाला. जबाबदार: त्याचे संपादक. शनिवार: त्याचे कात्रण एका माणसाच्या फाइलीत चिकटवले गेले. जबाबदार: आमचे हेडक्लार्क. महिनाअखेरीचा सोमवार: निवड समिती बसली. जबाबदार: तिचे तिन्ही सभासद, एकत्रितपणे आणि प्रत्येकी.

भिलाईत तेव्हा कारखाना पुरता उभा राहिलेला नव्हता. ज्या ठेकेदाराकडे पायाचे खड्डे खणण्याचे काम होते, त्याच्याकडे मी टाइमकीपर होतो, आणि दुर्गच्या एका साप्ताहिकाला साइटच्या बातम्याही पाठवत असे. आमच्या संघाचा कर्णधार भंडाऱ्याकडचा एक खलाशी होता. साखळ्या ओढणे, तुळया सरकवणे हे त्याचे काम. त्याला रिगर व्हायचे होते, म्हणजे भार उचलण्यापूर्वी तो बांधणारा आणि त्याची जबाबदारी घेणारा कारागीर. समितीपुढे त्याचे नाव जाणार होते.

त्या रविवारी शेवटच्या चढाईत सातही जणांनी त्याला धरले. सातही जणांना घेऊन तो मध्यरेषेपर्यंत आला आणि हात टेकवला. मी मथळा दिला: "अकेले ने सात को खींचा।" साप्ताहिक हिंदी होते. त्याच लिफाफ्यात साइटची दुसरी बातमी होती, खड्ड्यातले पाणी उपसणाऱ्या पंपाची. तिचा मथळा: "बार-बार गरम होता है, बीच में बंद पड़ता है, बदली की माँग।"

छापखान्याची रीत अशी होती की मोठ्या टाइपांची पेटी एकच असल्याने अंकाचे सगळे मथळे एकदम जुळवून एका ताटात ठेवत आणि मजकूर झाला की वर बसवत. आमचे दोन्ही मथळे एकाच स्तंभाच्या रुंदीत जुळवलेले. ते एकमेकांच्या जागी बसले.

गुरुवारी साइटभर हसणे चालले होते. पंपाने एकट्याने सात जणांना ओढले होते, आणि कर्णधार वारंवार तापत होता. खड्ड्यात उतरताना त्याला लोक विचारत, "काय गा, आज बंद त नाही पडनार? पानी टाकू का डोक्यावर?" तोही हसला. मला म्हणाला, "हासून राहिले त हासू द्या ना भाऊ. तुमी कावून तापता? तापाचं काम त पेपरानं मले देल्लं."

मी हसलो नाही, कारण आमच्या कचेरीचा नियम मला ठाऊक होता. कामगाराचे नाव कुठेही छापून आले की ते कात्रण त्याच्या सेवा-फाइलीत लागे. फाइलीतला चौकोन अरुंद. त्यात मथळा आणि बातमीची पहिली ओळ एवढेच मावे. पहिल्या ओळीत कर्णधाराचे पूर्ण नाव होते.

मी हेडक्लार्कना विचारले, "खालचा मजकूर वाचलात?"

"मथळा आहे, नाव आहे, तारीख आहे. अजून काय वाचायचं?"

समितीपुढे हजेरीपट घेऊन मीच उभा होतो. अध्यक्षांनी फाइल उघडली, चौकोन वाचला आणि शेजारच्यास म्हणाले, "मध्येच बंद पडणाऱ्या माणसाच्या हाती साखळी कशी द्यायची?"

"साहेब, तो मथळा पंपाचा आहे."

"फाइलीत पंप कसा आला?"

"माझाही प्रश्न तोच आहे, साहेब." मी संपूर्ण अंक टेबलावर ठेवला.

"बाहेरचा कागद आम्ही पाहत नाही. फाइलीत आहे तेवढंच पाहतो. आणि तुम्ही टाइमकीपर की वकील?"

एकाच अंकाचा कापलेला तुकडा पुरावा ठरतो आणि अखंड अंक बाहेरचा कागद ठरतो, हे कोणत्या कायद्यात बसते ते मी तेव्हा विचारले आणि माझा त्या दिवसाचा खाडा मांडला गेला. रिगर दुसऱ्याला केले.

मी दुर्गला गेलो. संपादक म्हणाले, "खेल का पन्ना है, भाई साहब। हँसिए और भूल जाइए।" मी न विसरता तीन रजिस्टर पत्रे पाठवली. तिसऱ्यानंतर त्यांनी विवाहाच्या जाहिरातींखाली बारीक अक्षरांत खुलासा छापला: मागील एका अंकात पंपाविषयी चुकीचे शीर्षक गेले, पंपाने कोणासही ओढले नाही, वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. पंपाची अब्रू सुधारण्यात आली. माणसाविषयी एक अक्षर नव्हते.

काम आटोपले तेव्हा ठेकेदाराने रिगर पुढच्या साइटवर नेले आणि खलाशांना रजा दिली. कर्णधाराने कुम्हारीच्या एका लहान कारखान्यात हमाली केली. आता तो दुर्गच्या मोहन नगरात मुलाकडे असतो. परवा मी म्हणालो, आता या वयात प्रकरण उकरून तुला काय मिळणार? त्याने मलाच विचारले.

"मले नोकरी नाही पायजे भाऊ. पन तो कागद म्हनते का मी मधात बंद पडतो. मी कवा पडलो? तुमी होते ना थ्या मैदानात. सांगा, मी कवा पडलो?"

मी तिथे होतो. तो पडला नाही. म्हणून ही माझी जाहीर मागणी आहे. ते साप्ताहिक अजून निघते. ती ठेकेदार कंपनी अजून कामे घेते. जुन्या फाइली तिच्या कपाटात आहेत, हे तिनेच मला लेखी कळवले आहे. मला पोचपावती नको, घरी येऊन व्यक्त केलेली दिलगिरी नको. कंपनीने ती फाइल उघडावी, साप्ताहिकाने पहिल्या पानावर, मथळ्याच्याच टाइपात, या माणसाचे पूर्ण नाव छापावे, आणि दोघांनी आपापल्या सहीनिशी सांगावे: चौकोनात लिहिलेले शब्द याच्याविषयी खरे होते काय? होय असेल तर पुरावा द्या. नाही असेल तर तो जिवंत असताना, त्याला वाचता येईल अशा अक्षरांत, "नाही" असे लिहा.