सांगून नेणारे मामा

आमच्या मामांना कुजबुजता येत नसे. औशाच्या बाजारात ते धान्याच्या सौद्याला बोली पुकारत. तोच आवाज घरी, तोच देवळात, तोच मयतीच्या घरी. लहानपणी त्यांच्याबरोबर कुठं जायची आम्हां भाच्यांना लाज वाटे. मामांचं म्हणणं एकच, "रुमालाखाली बोटं दाबून गुपचूप भाव ठरवायचे दिवस गेले. जे काय हाय, ते मोठ्यानं बोला."

माझं डोकं बिघडलं तेव्हा मी कॉलेजात होते. भिंतीपलीकडची माणसं मला मारायचं ठरवताहेत, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. लातूरच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मी उकिरड्यावर टाकल्या. मग शेजारणीच्या सल्ल्यानं आई गोळी वाटून वरणात घालू लागली. बिचारीचा इलाजच नव्हता. पण एके दिवशी मी तिला पाट्यावर गोळी वाटताना पाहिलं, आणि झालं! मला मारायला टपलेल्यांत आईही सामील आहे, हे माझ्यापुरतं सिद्धच झालं. त्यानंतर मी सालीत बंद असेल तेवढंच खाऊ लागले. केळी, शेंगा, कधी संत्रं. अंगावर नुसती हाडं उरली.

निरोप गेला तसे मामा औशाहून आले. ताट वाढून घेऊन माझ्यासमोर बसले, त्यातले चार घास आधी स्वतः खाल्ले आणि आईला म्हणाले, "अक्का, आजपासून हिच्या ताटात औषध जायचं न्हाई. लेकरानं आईच्या हातचं खायचं सोडलं तर गोळीचा काय उपेग?" मग माझ्याकडं वळले. "आन् तू ऐक. डॉक्टरला इचारलंय, गोळीऐवजी महिन्याला एक सुई हाय. तू न्हाई म्हणलीस तरी मी नेणार. पन सांगून नेणार."

मी ताट भिरकावलं. मामांनी धोतरावरचं वरण पुसलं आणि विचारलं, "एसटीनं जायचं का जीपनं?"

ही त्यांची रीतच होती. जायचं की नाही, हे ते विचारत नसत. बाकी सगळं विचारत. दर महिन्याला लातूर ओलांडून शिरूर अनंतपाळला आमच्याकडे येत आणि मला घेऊन पुन्हा लातूरला. वाटेत मी शिव्या देई. एकदा तर त्यांच्या हाताला कडकडून चावले. गाडीतले लोक माना वळवत. आई असती तर तिनं तोंडावर पदर घेतला असता. मामा मात्र अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं सांगत, "भाची हाय माझी. आजारी हाय, दवाखान्याला चाललाव. बरी व्हतीय." मग एखादी बाई हळूच जवळ सरके आणि आपल्या दिराचं नाहीतर लेकाचं सांगू लागे.

माझ्यावर जबरदस्ती झाली, हे मी आजही म्हणते. नको असलेली सुई ती नको असलेलीच, मग नेणारा कितीही मायेचा असो. मामांच्या तोंडावर मी हे बोलले आहे. ते म्हणाले, "खरं हाय. राग धर माझ्यावर. पन जेव." आणि मी जेवत होते, आईच्या हातचं वरण-भात. उन्हाळ्यापर्यंत भिंतीपलीकडचे आवाजही मंदावले.

पुढं बरी असताना डॉक्टरांनी मला एकटीला बसवून विचारलं, "पुन्हा त्रास झाला आणि तुम्हाला ठरवता आलं नाही, तर तुमच्या बाजूनं कुणी बोलायचं?" मी मामांचं नाव घेतलं. बाहेर येऊन त्यांना सांगितलं, तर खूश व्हायचं सोडून खेकसले, "मी काय जन्माला पुरणार हाय का? आजून एक नाव सांगून ये जा."

गेल्या पौषात मामा गेले. सुईची तारीख दुसऱ्याच दिवशी होती. औशाचं घर पाहुण्यांनी भरलेलं, ती कुणाच्या ध्यानात असायचं कारण नव्हतं. चुकवली असती तर कुणी विचारलंही नसतं, आणि खरं सांगते, तसं मनात आलं. सकाळी मी चप्पल घालताना शेजारचे काका म्हणाले, "सुतकात कुठं निघालीस?" रडून आवाज बसलेली मामी कोपऱ्यातून म्हणाली, "आम्हां लिंगायतांत सुतक नसतंय, भाऊजी. जाऊ द्या तिला."

दवाखान्यात सिस्टरनं सवयीनं माझ्या मागं पाहिलं. मामा गेल्याचं सांगताना मला रडू फुटलं. ती हळूच म्हणाली, "मग आज कुणी आणलं तुम्हाला?"

"मीच आले," म्हटलं, आणि बाही वर केली.