मुंगसाचं पान

१९५८ साली धर्मपाल वानखडे अकोल्याच्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. वीस वर्षं इंग्रजी म्हणजे मी, कमलाकांत मास्तर. शाळेतली एकुलती एक जाडजूड डिक्शनरी माझी. ती कपाटात आणि किल्ली माझ्या जानव्याला. हा नांदगाव खंडेश्वरकडचा, शेतमजुराचा मुलगा. पण त्याच्या वर्गात पोरं हसायची आणि हसता हसता इंग्रजी बोलायची. माझ्या वर्गात सगळ्यांची दातखीळ बसलेली!

एकदा त्यानं वर्गाला सांगितलं, "इंग्रज मंगूस म्हणते ना, तो शब्द आपल्याच मुंगसावरून तिकडं गेला." पोरं नाचायचीच बाकी राहिली. हेडमास्तर माझ्याकडचा मॅट्रिकचा वर्ग त्याला द्यायच्या बेतात होतेच. ते मला म्हणाले, "डिक्शनरीत पाहून सांगा. खरं निघालं, तर वर्ग त्याचा."

मी पाहिलं. स्वच्छ छापलं होतं, मूळ शब्द मराठी. कपाट लावून मी सांगितलं, "असं काही नाही त्यात."

मॅट्रिक माझ्याकडेच राहिली. धर्मपाल भांडेल, पान दाखवा म्हणेल, असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "तुमी पाह्यलं ना सर? मंग माह्यंच चुकलं." दुसऱ्या दिवशी त्यानं वर्गापुढं चूक कबूल केली. पुढं आठ वर्षं दर नव्या वर्गाला तेच सांगायचा, "पाह्यल्याबिगर बोलू नका रे. मी बोललो अन् तोंडघशी पडलो. कमलाकांत सरायसारखं आधी पाहा." शेजारच्या वर्गात मला सगळं ऐकू यायचं. त्यानं माझा हेवा कमी झाला म्हणाल, तर नाव नको. चांगुलपणातही हा माझ्या पुढं!

१९६६च्या जूनमध्ये मी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी तेच पान उघडून डिक्शनरी त्याच्या हातात दिली. तोंडानं सांगायची हिंमत नव्हती. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं.

"सर, उद्या नवा वर्ग हाय. पोट्ट्याईले काय सांगू?"

"खरं ते सांग," मी म्हटलं.

"मुंगसाचं तं सांगतोच. तुमचं इचारून राह्यलो."

एवढं कळल्यावरही तो माझी लाज झाकायला पाहत होता. आणि मला, खरं सांगतो, तेव्हाही त्याचा हेवाच वाटला.