एक जूनचं घड्याळ

सातपूरला आयटीआय सिग्नलपाशी जीप उभी होती आणि वैष्णवी माझं मनगट सोडत नव्हती. तीन वर्षांची होती तेव्हा. जीपमध्ये आधीच सात माणसं बसलेली, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय, आणि माझी आई ज्वारीच्या पापडांची, बिबड्यांची पिशवी माझ्या पायापाशी कोंबतेय. आई आदल्या दिवशी नामपूरहून आली होती. मी विमानतळाकडे निघालो की ती माझ्या बायकोला, सुनंदाला, आणि पोरीला घेऊन सटाण्याच्या एसटीने गावी परतणार होती. सातपूरची भाड्याची खोली आम्ही सकाळीच रिकामी केली होती. पोरगी रडायची थांबेना, तेव्हा मी हातातलं घड्याळ काढून तिला दिलं. फुटपाथवर घेतलेलं, काळ्या पट्ट्याचं. ती काटा बघत गप्प झाली आणि तेवढ्यात मी जीपमध्ये चढून बसलो. आई खिडकीशी येऊन म्हणाली, “येळवर जेवी लेजो भाऊ. कोनाशी भांडजो नको.” सुनंदा पोरीला कडेवर घेऊन मागे सरली.

ही आठवण मी कितीतरी वर्षं चांगली म्हणून जपली. इथे दुबईत खोलीवर कोणी घरच्या गोष्टी काढल्या की मी हीच सांगायचो, पोरीला घड्याळ देऊन कसं शांत केलं ते. आता सांगत नाही.

मी आठवी पास. नववीची पुस्तकं घेतली होती, पण सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये बफिंगला पोरं पाहिजेत असं गावातल्या एकाने सांगितलं आणि मी गेलो. नळाच्या तोट्या फिरत्या चाकावर धरायच्या, चकाकेपर्यंत. संध्याकाळी नाकातून काळं यायचं. तेरा वर्षं ते केलं. वाईट म्हणणार नाही मी त्या कामाला, कारण त्याच हातांवर मला इथलं काम मिळालं. इथल्या आमच्या शेठचं दुकान जुन्या महागड्या घड्याळांचं. लोक वापरलेली स्विस घड्याळं विकतात, शेठ ती घेतो, नीट करून पुन्हा विकतो. मी घड्याळाच्या केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या अंगाला, पॉलिश करतो. शेठ उल्हासनगरचा सिंधी, मराठी बरी बोलतो. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं होतं, “असं पॉलिश कर की केलंय हे कळू नये. कडा घासल्या तर घड्याळ मेलं.” माझी चूक झाली तर हाकलून देईल या भीतीने पहिलं वर्षभर मी प्रत्येक घड्याळ दोनदा तपासून मगच द्यायचो. त्याने हाकललं नाही. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला न मागता पैसे दिले. त्या माणसाचं मी किती देणं लागतो ते माझं मला माहीत.

त्या दुकानात एक शब्द दिवसातून शंभरदा ऐकायला मिळतो, पेपर. घड्याळासोबत आलेलं वॉरंटी कार्ड म्हणजे पेपर. घड्याळाच्या अंगावर बारीक नंबर असतो, त्यावरून ते कोणत्या वर्षी बनलं ते समजतं. कार्डावरचा नंबर आणि वर्ष त्याच्याशी जुळलं पाहिजे. कधी कधी विकणारा दुसऱ्याच घड्याळाचं कार्ड जोडून आणतो. मला इंग्रजी धड वाचता येत नाही, पण आकडे येतात, आणि पॉलिशला घेताना घड्याळ माझ्या डोळ्यांपासून चार बोटांवर असतं. त्यामुळे न जुळलेली जोडी बहुतेक वेळा मीच पकडतो. शेठ गिऱ्हाइकासमोर माझ्याकडे बोट दाखवतो. म्हणतो, हा माझा तलाठी.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगतो. गावात राहिलेल्यांना ती सांगायची गरज नाही, पण त्यांची शहरात वाढलेली पोरं विश्वास ठेवत नाहीत. आमच्या पिढीत जन्माची नोंद कोण करत होतं? शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी उंची बघायचे, दात बघायचे आणि लिहायचे एक जून. शाळा जूनमध्ये सुरू होते, त्या तारखेला सहा वर्षं पूर्ण दिसली की काम झालं. इथे आमच्या खोलीत शेठकडे कामाला असलेले सहा जण, त्यातल्या चौघांच्या पासपोर्टवर एक जून. शेठने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा विचारलं, “तुमच्याकडे त्या दिवशी पोरांचा पाऊस पडतो का रे?” तेव्हापासून दर एक जूनला तो चौघांत मिळून एक केक आणतो. मी खरा कधी जन्मलो ते आईलाही नीट सांगता येत नाही. पोळ्याच्या आसपास, एवढंच. त्यामुळे वाढदिवस म्हणजे कागदावर असतो तो, अशी माझी समजूत झाली होती. ही सबब म्हणून सांगत नाही. पुढे जे केलं त्याला सबब नाही.

दोन वर्षांनी पहिल्या रजेवर गावी आलो होतो. रजा संपत आलेली, आणि वैष्णवीला पहिलीत घालून जायचं मी ठरवलं होतं. बाप असताना पोरीचं नाव शाळेत बापाने घालावं, एवढी हौस. ती सुनंदाच्या माहेरी घरीच जन्मलेली, मी तेव्हा सातपूरला कामावर, दाखला काढलेला नव्हता. गुरुजींनी तारीख विचारली. मी म्हणालो, लिहा एक जून. वर्ष? बोटांवर मोजून सहा पूर्ण होतील असं सांगितलं, दोन हजार सहा. सुनंदा दाराशी उभी होती. तिथूनच हळू म्हणाली, तसं नाही हो, वर्ष पुढचं आहे, जन्म संक्रांतीचा. मी तिच्याकडे न बघताच म्हणालो, काही महिन्यांनी काय फरक पडतो, वर्ष वाया जाईल तिचं. गुरुजींनी लिहिलं. मग तीच तारीख आधारवर गेली, बँकेच्या फॉर्मवर गेली, दहावीच्या सर्टिफिकेटवर छापून आली. प्रत्येक फॉर्म मीच फोनवरून सांगून भरून घेतला. इतक्या वेळा एक जून दोन हजार सहा म्हटलं की संक्रांत माझ्या डोक्यातून पुसूनच गेली. दर एक जूनला मी इथून फोन करायचो, हॅप्पी बर्थडे बेटा. ती म्हणायची, थँक्यू पप्पा.

ती सतरा वर्षांची असताना दुकानात एक गिऱ्हाईक आलं. त्याच्या मुलाचा अठरावा वाढदिवस जवळ आला होता आणि त्याला मुलाच्या जन्माच्या वर्षी बनलेलं घड्याळ हवं होतं. तेच वर्ष, मागचं नाही, पुढचं नाही. शेठने ते शोधायचं काम माझ्यावर टाकलं. महिनाभराने मिळालं. तो माणूस ते हातात घेऊन इतका वेळ बघत राहिला की मी शेवटी आत निघून गेलो. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, माझी पोरगी पण पुढच्या जूनला अठराची होतेय.

मग मी माझ्यासाठी शोधू लागलो. दुकानातली घड्याळं माझ्या आवाक्यातली नव्हेत, पण घाऊक लॉटमध्ये येणाऱ्या मोडक्या मालात मी रोज हात घालायचो. सात महिने. एकदा एक बायकांचं छोटं स्टीलचं घड्याळ आलं, चावीचं. काच तडकलेली, पट्टा नाही, बंद पडलेलं, पण कार्ड सोबत. नंबर जुळत होता. वर्ष दोन हजार सहा. मी शेठकडे जाऊन घड्याळ आणि कार्ड त्याच्यासमोर ठेवलं. त्याने एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि ते भंगाराच्या भावात दिलं. आमचे घड्याळजी जोसेफभाई, केरळचे, त्यांनी तीन शुक्रवार सुट्टी असून मशीन उघडून ते चालू केलं आणि एक चहासुद्धा घेतला नाही. केसचं पॉलिश मी स्वतः केलं. इतक्या हळू हाताने मी आजवर कुठलंच घड्याळ केलेलं नाही.

मेअखेरीला रजेवर आलो. आता सुनंदा, आई आणि वैष्णवी सातपूरलाच फ्लॅटमध्ये राहतात. एक जूनला संध्याकाळी केक कापला. सुनंदाचं लक्ष नव्हतं, मला वाटलं दमली असेल. मी डबी काढली. घड्याळ वैष्णवीच्या हातात बांधलं, कार्ड दाखवलं आणि सांगायला लागलो, हे बघ वर्ष, तू जन्मलीस त्याच वर्षी हे बनलं, सात महिने शोधत होतो. आई पलंगावर बसली होती. ती कौतुकाने ऐकत होती, मग गोंधळली.

“जूनमा कशी?” ती म्हणाली. “ती ते संक्रांतना दुसऱ्या दिनले व्हयनी. मी तिळना लाडू लई गयथू ना बाळंतिणले.”

मी हसत म्हणालो, आई, तो शाळेचा जून. आणि म्हणता म्हणता थांबलो. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. कोणती संक्रांत? शाळेच्या दाराशी सुनंदा म्हणाली होती, वर्ष पुढचं. मी मनात मोजलं. दोन हजार सात. कार्ड माझ्याच हातात होतं.

मी सुनंदाकडे वळून विचारलं की मग इतकी वर्षं मी एक जूनला फोन करायचो तेव्हा कोणी बोललं का नाही. तिने शांतपणे सांगितलं. पहिल्या वर्षी तिला वाटलं, संक्रांतीला मला आठवेल. दुसऱ्या वर्षीही तसंच वाटलं. मग पोरगीच म्हणाली, राहू दे मम्मी, त्या दिवशी पप्पांचा फोन येतो ना, मला दोन वाढदिवस. दर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी घरी शिरा होत होता आणि मला माहीत नव्हतं. पोरगी वर्गात कायम सगळ्यांत लहान, पहिलीत लिहिताना बोटं दुखून रडायची, हेही मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, अगं पण मी एवढं शोधून आणलं.

“तेव्हाही घड्याळच दिलं होतं तुम्ही,” सुनंदा म्हणाली. “जीप गेल्यावर ती पार सटाण्यापर्यंत विचारत होती, पप्पा घड्याळ घ्यायला कधी येतील.”

मला पोरीकडे बघवेना. तीच उठली, मनगट कानाशी धरलं आणि म्हणाली, “म्हणजे हे माझ्यापेक्षा मोठं. ताई म्हणते मी याला.” आई हसली. सुनंदापण हसली, पण लगेच ताटल्या उचलून आत गेली. मी घड्याळ परत मागितलं, म्हटलं दुसरं शोधतो, दोन हजार सातचं. वैष्णवी म्हणाली, नको, ताई कोणी परत करतं का.

शाळेच्या दाखल्यावरची तारीख बदलता येईल का ते विचारायला दोन ठिकाणी जाऊन आलो. आता दहावी-बारावीचं सगळं छापून झालंय, तिचं नर्सिंगचं ॲडमिशन त्याच कागदांवर आहे, हात लावला तर तेच अडकेल. म्हणजे ती माझी तारीख आयुष्यभर वागवणार.

दुबईला परत आल्यावर आठवडाभरात एक घड्याळ पॉलिशला आलं, त्याचं कार्ड दुसरंच. मी पकडलं. शेठ खूश. म्हणाला, घड्याळ खरं आहे रे, पेपर कुणा दुसऱ्याचा लावलाय. पुन्हा गिऱ्हाइकासमोर माझ्याकडे बोट दाखवलं, हा माझा तलाठी. मी मान खाली घालून चाक सुरू केलं.

घर कुठे, असं इथे नवीन माणूस विचारतोच. पूर्वी मी नामपूर सांगायचो, नंतर सातपूर सांगू लागलो. हल्ली उत्तर द्यायला वेळ लागतो. माझी चूक माहीत असून इतकी वर्षं ज्यांनी ती माझ्या तोंडावर टाकली नाही, शिरा केला आणि मला कळू दिलं नाही, ती माणसं जिथे आहेत ते घर. तिथे त्यांनी माझी लाज झाकली आणि मी त्यालाच सुख समजत राहिलो. तुमच्यातले जे बाहेर आहेत त्यांनी आज घरी फोन करून एवढं विचारा, पोर नेमकं कधी जन्मलं. कागद बघू नका. जिने जन्म दिला तिला विचारा.

या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. सुनंदाने उचलला, आज कसा काय म्हणाली. मी म्हणालो, पोरीला बोलव. तिला उमगलं असावं. तिने आत हाक मारली, “अगं ये, पप्पांचा फोन. आजचा.”

पुढच्या संक्रांतीसाठी मी रजेचा अर्ज दिलाय. अर्जावर कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, मुलीचा जन्म. शेठने वाचून चष्मा काढला आणि विचारलं, अरे, ती तर अठराची झाली ना?

झाली, म्हटलं. पण जन्मली तेव्हा मी नव्हतो.